आमची वाटचाल : ५५ आणि ६० अंश

पाइप जोडायची आमची फिटिंग्ज आज तीन खंडांत जातात, याचा मला अभिमान आहे. पण पहिला कंटेनर परदेशी गेला त्या दिवशी आम्ही आंतरराष्ट्रीय झालो असं लोक म्हणतात, ते खरं नाही. त्या कंटेनरने आम्हाला जवळजवळ बुडवलं.

ऑर्डर अर्ध्या इंची निपलची, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या आखूड जोडनळीची. ड्रॉइंगवर नुसतं 'अर्धा इंच टेपर', म्हणजे निमुळते आटे. आम्ही कायम बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे पाइपचे आटे पाडत आलो, तेच पाडले. गिऱ्हाइकाला हवे होते अमेरिकी पद्धतीचे, एनपीटी. या धंद्यातल्यांना पुढचं सांगायला नको. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचाला १४ आटे, उतारही दोन्हींचा १:१६. हाताने फेरे बसतात, फसगत तिथेच होते. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, एनपीटीचा ६०. पान्याने आवळलं तरी दाब आला की गळतं. सगळा लॉट परत आला, भाडंही आमच्याच माथी. एका स्पर्धकाने 'यांना आटे कळत नाहीत' असं बाजारभर केलं. ते मी विसरलेलो नाही.

त्या रात्री आमचे भागीदार अण्णा पिच गेज, म्हणजे आटे तपासायची दातेरी पानं, घेऊन बसले. ५५ अंशांचं पान निपलच्या आट्यात बसवून दिव्यासमोर धरलं. उजेडाची रेघ दिसेना. मग ६० चं लावलं, तळाशी फट दिसली. म्हणाले, "काम चोख आहे रे. कोणत्या आट्यात बसायचंय, तेवढं विचारायचं राहिलं."

त्यातला निम्मा माल आमच्या जुन्या पंपवाल्या गिऱ्हाइकाने पूर्ण भावात उचलला. त्यांच्याकडे बीएसपीच चालतं. ते नसते तर लेथ विकावे लागले असते.

आपण समोर नसताना, अनोळखी माणसाच्या हातात, काही न विचारता जी वस्तू बसते तिला मी आंतरराष्ट्रीय म्हणतो. म्हणून नव्या निर्यातदारांना सांगतो, दराआधी स्टँडर्डचा नंबर लिहून घ्या : बीएसपीचे आयएसओ ७-१ किंवा आयएसओ २२८-१, की एनपीटीचं एएसएमई बी१.२०.१. मापं २० अंश सेल्सिअसची धरतात, तापलेला जॉब मशीनवरून काढून लगेच गेजला लावू नका. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का बघा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची, किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केल्याची ती खूण, आणि तिच्यावाचून चांगला मालही बंदरात अडकतो.

नंतरची वर्षं सुरळीत गेली. परत आलेल्यातला एक निपल अजून इन्स्पेक्शनच्या टेबलावर आहे. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात तो आणि गेजची दोन्ही पानं देतो, आणि फट शोधायला सांगतो.