दुधासाठी गाडी काढणारी माणसं

आमच्या बाल्कनीतून समोरचं किराणा दुकान दिसतं. म्हणजे शटर वर गेलंय का, दुधाचे क्रेट उतरले का, गल्ल्यावर मालक बसलाय की त्याचा पुतण्या, इथपर्यंत सगळं. आणि तरीही अर्धा लिटर दूध आणायचं म्हटलं की आमच्या घरात आधी शोधली जाते ती स्कूटरची किल्ली. मुंबईची नणंद आली की दर वेळी हसते, वहिनी तुम्ही पुणेकर ना, उद्या हॉलमधून किचनमध्ये जायला पण गाडी काढाल. शेवटी मी म्हटलं, जा तूच, घेऊन ये चालत.

गेली बिचारी. आता आमच्या सोसायटीचं गेट दुकानाच्या बाजूला नाही, मागच्या गल्लीत आहे, त्यामुळे आधी अख्ख्या कंपाउंडला वळसा, मग मेन रोड, मग मधोमध डिव्हायडर आणि त्यावर लोखंडी रेलिंग, ते जिथे संपतं तो सिग्नल पार तिकडे, तिथे जाऊन रोड क्रॉस करायचा आणि पलीकडून तेवढंच उलटं चालत यायचं. घामाघूम होऊन आली. दूध टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, वहिनी, तुमच्याकडे म्हातारी माणसं काय करतात गं?

म्हातारी माणसं खाली उतरत नाहीत, हे त्याचं उत्तर. सासूबाईंचंच घ्या. लग्न झाल्यापासून नारायण पेठेत राहिलेल्या, वाडा रिडेव्हलपमेंटला गेला म्हणून आमच्याकडे बाणेरला आल्या. तिकडे असताना सकाळी मंडई, संध्याकाळी देवळात, मधेच कुणाकडे तरी हळदीकुंकू, सगळं पायी. इथे लिफ्टनं खाली, सोसायटीच्या गार्डनला फेऱ्या आणि लिफ्टनं वर. गुडघे तेच आहेत हो. उलट वाड्यात दोन जिने होते. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, अगं मंडई काय जवळ होती होय, पण रस्ताभर माणसं असायची, चालतोय हे कळायचंच नाही.

मला वाटतं या एका वाक्यात बरंच काही आलं. पेठेतली घरं थेट रस्त्याला लागून, पायरी उतरली की रस्ता, खाली दुकान वर बिऱ्हाड, दहा पावलं टाकली की एक गल्ली, नाहीतर एखादा बोळ, त्यामुळे जायचे चार रस्ते, वाटेत उन्हात सावली शोधता येते, कंटाळा आला तर टेकायला ओटा. रस्ते अरुंद, म्हणून गाड्यांना जोरात जाताच येत नाही. हे कुणी पादचाऱ्यांचा विचार करून आखलं वगैरे अजिबात नाही, पायी जाणं हाच तेव्हाचा प्रवास होता एवढंच. आणि उगाच पेठांची आरती ओवाळायचीही गरज नाही, तिथे अँब्युलन्स वळता वळत नाही आणि आता तर बोळाबोळात दोन्ही बाजूंना टू-व्हीलर लावलेल्या असतात, सासूबाईंना तिथेही आज चालता येईल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पण शहर कसं वाढत गेलं ते बघताना मजा येते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. पेठेतला माणूस पेठेबाहेर राहायला गेला, पण कामाला, शाळेला, मंडईला येणं गावातच. एवढं अंतर रोज चालणं जड आणि बसला थांबणं त्याहून जड, त्यामुळे सायकल. पुणे सायकलींचं शहर होतं म्हणून आपण जे डोळे मिटून सांगतो त्यात पुणेकरांच्या तब्येतीच्या आवडीपेक्षा हा हिशोब जास्त असणार, शिवाय गाव बऱ्यापैकी सपाट आणि हवा बरी. मग १९७२. त्याच साली बजाजची चेतक आली आणि त्याच साली कायनेटिकची लुनाही. चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. ती मिळाल्यावर कोथरूड लांब वाटेनासं झालं, आणि मग कोथरूडही भरलं. थोडक्यात पाय होते तोवर पेठा, सायकल आली तेव्हा नदीपलीकडचं गाव, स्कूटर आली तेव्हा कोथरूड, मोटार आली तेव्हा बाणेर आणि वाकड. इतिहासवाल्यांनी लगेच वहीपेन घेऊन बसू नये, ढोबळ आहे, पण मला पटतं. ज्या वाहनाच्या जिवावर एखादा भाग उभा राहिला त्या वाहनाशिवाय त्या भागात राहता येत नाही, मग तुम्ही कितीही हेल्थ कॉन्शस असा.

आता बाणेर-बालेवाडी १९९७ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी गाव, शेतं, शेतांच्या बांधावरून जाणाऱ्या वहिवाटी. मग झालं असं की एकेका शेताचा एकेक प्लॉट झाला, प्रत्येक प्लॉटवर एकेक बिल्डर, आणि प्रत्येकानं आपल्यापुरती भिंत घातली. नकाशात डीपी रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता, छान सरळ जातो, पण जमिनीवर मधल्या एका प्लॉटचं भूसंपादन राहिलेलं असतं, तिथे पत्रे ठोकलेले, पुढे झुडपं. याला मिसिंग लिंक म्हणतात, पेपरात रोज कुठल्या तरी मिसिंग लिंकची बातमी असते. मिसिंग लिंक म्हणजे पलीकडची शाळा पोराला दिसते पण तिथे सायकलवर जाता येत नाही. दोन सोसायट्यांची भिंत एक असते आणि या घरातून त्या घरात जायचं तर मोठा वळसा. गाडीत बसलेल्याला हा वळसा म्हणजे गाण्याचं एक कडवं. चालणाऱ्याला अर्धी सकाळ.

बरं, वळसा मारू एकवेळ, पण चालायचं कशावरून? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी पट्टी हवी असं स्पष्ट लिहिलंय, दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाव्यात म्हणून. आमच्याकडचा फुटपाथ गुडघ्याला आव्हान देईल इतका उंच, आणि दर सोसायटीच्या गेटला खाली उतरतो, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. कारण गेटसमोर गाडीला धक्का बसू नये. तसाच फुटपाथ सलग ठेवून गाडीनं वर चढून हळू आत जावं असंही करता येतं की, पण मग गाडीवाल्याला ब्रेक लावावा लागेल. मधेच एमएसईबीचा बॉक्स, मधेच झाड (झाडाबद्दल तक्रार नाही), मधेच वडापावची गाडी, तिच्याबद्दलही तक्रार नाही खरंतर, ती आहे म्हणून तो कोपरा रात्री सुरक्षित वाटतो. बाकी सगळी लांबच लांब भिंत. भिंतीच्या कडेनं चालायला कुणाला आवडतं?

राँग साइडचं पण मला हल्ली असंच वाटायला लागलंय. पुणेकर टू-व्हीलरवाला हा अख्ख्या महाराष्ट्राच्या विनोदाचा विषय आणि मीही त्यात भर घालत असते, राँग साइडनं येऊन वर आपल्यालाच डोळे वटारतात त्यांना फटकेच हवेत. पण बघा, हे लोक राँग साइडनं कुठे येतात? जिथे डिव्हायडर टाकून वळायची जागा पार लांब नेऊन ठेवलीये तिथेच. आणि रेलिंगचे गज कुठे वाकवलेले असतात तेही बघा. बसस्टॉपसमोर, शाळेसमोर, दवाखान्यासमोर. माणूस अंगानं तिरका होऊन जाईल एवढंच भोक असतं. महापालिका येते, गज सरळ करते, पंधरा दिवसांत पुन्हा वाकतात. माझं म्हणणं असं की झेब्रा कुठे हवा याचा सर्व्हे करायला कन्सल्टंट नेमू नका, वाकलेले गज मोजा.

ऑनलाइन दूध मागवा ना, असं कुणीतरी म्हणेलच. मागवतो. दहा मिनिटांत येतं. तो मुलगा राँग साइडनं येतो.

लोकांना सवयच नाही चालायची, या आवडत्या वाक्यावर मला एकच सांगायचंय. गणपतीत या. हीच माणसं, हेच दुधासाठी गाडी काढणारे, नदीपलीकडे गाडी लावतात आणि पोरं खांद्यावर घेऊन रात्री एक वाजेपर्यंत चालत असतात, कसबा, तांबडी जोगेश्वरी, तुळशीबाग, दगडूशेठ, मंडई, परत लक्ष्मी रोड, सासूबाईंच्या वयाच्या बायका पायात स्पोर्ट्स शूज घालून. विसर्जनाची मिरवणूक तर चोवीस तास उलटले तरी संपत नाही आणि लोक पहाटे पण उभे. तेव्हा सवय कुठून येते? रस्ता गाड्यांना बंद असतो, बघायला काहीतरी असतं, आणि सगळेच चालत असतात, बास. पालखी येते त्या दिवशीही तेच. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन करतात, तेव्हाही रस्त्यात पोरं खेळतात आणि आजोबा लोक रस्त्याच्या मधून चालून बघतात, जरा बावरलेलेच असतात. वर्षातून एक दिवस हं.

जंगली महाराज रोडचा फुटपाथ रुंद केला तेव्हा मीही म्हटलं होतं की बघा आता हॉकर्स आणि बाइक्स. बाइक्स आल्याच. पण तिथे संध्याकाळी बाकांवर म्हातारी जोडपी बसलेली असतात, पोरं लोंबकळत असतात, लोक नुसते रमतगमत फिरायला येतात. तोच रोड आधी होता तेव्हा तिथून लोक फक्त जायचे. जागा दिली की माणूस येतो हे इतकं सरळ आहे की त्यावर चर्चासत्र भरवायला लाज वाटावी.

सार्वजनिक वाहतुकीचं गाडंही इथेच अडतं. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, देशात पहिली, कोलंबियातल्या बोगोटाला २००० साली असंच जे झालं ते बघून. कल्पना उत्तम. पण बससाठीची लेन चौकात आली की गायब, पुढे पुन्हा सुरू, मधल्या काळात त्यात रिक्षा, बाइक, सगळं जग, आणि स्टॉप रस्त्याच्या मधोमध, म्हणजे बस पकडण्याआधी दोन लेनचा ट्रॅफिक चुकवत पळायचं. अहमदाबादनं नंतर, २००९ मध्ये केली आणि नाव त्यांचं झालं. नगर रोडवरची तर आपण उखडूनच टाकली. आता मेट्रो आहे, ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे सुरू झाली, दुसरी लाइन आता स्वारगेटपर्यंत जमिनीखालून जाते, आणि गाडी खरंच मस्त आहे, एसी, वेळेवर, स्वच्छ. पण स्टेशनातून सरकत्या जिन्यानं खाली उतरलात की पुन्हा तोच फुटपाथ. मेट्रोवर एवढे हजारो कोटी घातलेत, शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या फरशीला हात आखडता का घेतात हे मला कळलेलं नाही. लोक मग स्टेशनपर्यंत बाइकनं येतात, पार्किंग मिळालं नाही की म्हणतात जाऊ दे, पुढे बाइकनंच जातो.

चौक तर सोडाच. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, मेट्रोसाठी, आणि त्या जागी पुन्हा मोठा पूल. पुलावरून कोण किती मिनिटं वाचवतं याचे आकडे पेपरात येतात. पुलाखालून चालत रस्ता ओलांडायला किती लागतात, ते कुणी छापत नाही.

तर आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत एक छोटं दार पाडावं असा प्रस्ताव मी यंदा एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, मांडला. शेजारच्या सोसायटीतून सरळ मेन रोडवर निघता येईल, सिग्नलच्या अगदी जवळ, बसस्टॉपही तिथेच, शाळेच्या पोरांचा वळसा वाचेल. शेजारचे सेक्रेटरी तयार होते. आमच्याकडे चर्चा तासभर चालली. सिक्युरिटीचं काय, रात्री कुलूप कोण लावणार, त्यांच्याकडची कुत्री आपल्याकडे येतील, डिलिव्हरीवाले शॉर्टकट मारतील, वास्तूच्या दृष्टीनं नैर्ऋत्येला दार बरं का, हे सगळं झालं. सासूबाईही मुद्दाम खाली येऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मतदान घ्यायची वेळ आली तेव्हा चेअरमन काकांनी चष्मा काढला आणि अगदी मनापासून, जराही खवचटपणा न करता विचारलं, अहो ते सगळं ठीक आहे मॅडम, पण इथे चालत जातंय कोण?

आणि विषय पुढे ढकलून व्हिजिटर पार्किंगचा घेतला.