गोल भांडी, चौकोनी ट्रॉल्या

किचनचं काम काढलंय. दुपारी इंटिरिअरवाला मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि थ्रीडी दाखवत म्हणाला, "मॅडम, ट्रॅडिशनल आणि मॉडर्नचं फ्युजन केलंय." म्हणजे काय, तर शटरला पितळी कड्या, ओट्यामागं वारलीच्या टाइल्स आणि छतातून लोंबणारा तांब्याचा हंडा, उलटा, आत बल्ब. हंड्यात बल्ब! मी उठून चहा ठेवला.

म्हटलं ते राहू दे, आमची परात कुठं जाणार ते सांग. तर बिचारा ट्रॉल्या मोजायला लागला. ट्रॉलीची खोली वीस इंच, त्यात परात आडवी ठेवली की चारी कोपरे फुकट आणि वर दुसरं काही ठेवायची सोय नाही. आपल्याकडं सगळंच गोल हो. तवा, पोळपाट, ताट, कढई, चाळणी, मिसळणाचा डबा आणि त्यातल्या वाट्यासुद्धा. जुन्या स्टीलच्या मांडणीला हे बरोबर कळायचं, ताटं उभी खोचायला वेगळी रांग, पळ्या-झाऱ्यांना आकडे, कपांना हूक. परात तर मांडणीतही नसायची, ती भिंतीवर खिळ्याला.

आजोळी, साताऱ्याकडं, भाकरीला काठवट, म्हणजे लाकडी परात असायची. आजी एक गुडघा उभा करून बसायची आणि पीठ मळताना अख्ख्या अंगाचा भार तळहातावर टाकायची. मग थापणं, भाकरी आपोआप फिरतेय असं वाटायचं, मी कितीदा बघितलं तरी ती नक्की कुठल्या बोटानं फिरवते ते कधी सापडलं नाही. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभी करायची की टम्म. शेजारी वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या जोडतोंडावर, आमटी. मीठ, पाण्याचा तांब्या, फडकं, सगळं हाताच्या अंतरावर, एकदा बसली की स्वयंपाक होईपर्यंत उठायची नाही.

मॉड्युलर किचनची आजी म्हणतात ते फ्रँकफुर्ट किचन, १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी आखलेलं, त्यामागंही हाच हिशोब होता, पावलं वाचवायची. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची खोली आणि गंमत म्हणजे त्यात बसून काम करायला फिरतं स्टूल होतं! आमच्या फ्युजनमध्ये बसायला काही म्हणजे काही नाही.

ओटा चौतीस इंच. भाजी परतायला ठीक, पण कणीक मळायला उंच पडतो, जोर खांद्यातून लावावा लागतो, म्हणून मी अजूनही खाली पेपर टाकून परात घेऊन बसते, घरातले हसतात, हसू देत. कडेला दोन फूट तरी ओटा खाली घे म्हटलं तर मुलगा म्हणतो, "लेव्हल तुटते, लुक जातो."

मला विचाराल तर खरं फ्युजन केलंय ते थाळी बास्केटवाल्यानं. ट्रॉलीत ताटं उभी राहावीत म्हणून ज्यानं कुणी पहिल्यांदा ती तार वाकवली असेल त्याला मी जेवायला बोलवायला तयार आहे. तिला कुणी ट्रॅडिशनल टच वगैरे म्हणत नाही, कोटेशनमध्ये नुसती एक ओळ असते.

आणि आजीला यातलं काय आवडलं असतं? चिमणी, बहुतेक. धुरानं तिचे डोळे कायम लाल असायचे, खोकला पाचवीला पुजलेला. मावशी सांगते, घरात गॅस आला त्याच आठवड्यात तिनं चूल स्वतःच्या हातानं फोडली, वैलासकट, आणि जागा सारवून टाकली. मामा म्हणाला, अगं आठवण म्हणून तरी राहू द्यायची. तर म्हणाली, "घाल की नवी. पण रोज सकाळी फुकायला तूच बस."