अल्थियाचं नाणं आणि आमची वर्गणी

न्यूजर्सीत राहणारा माझा भाचा यंदा दिवाळीला गावी आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी अमेरिकेचं पाव डॉलरचं नाणं आणलं. आपल्या पाचच्या नाण्याएवढं, काठाला बारीक दाते. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला रॅकेट घेतलेली काळी टेनिसपटू अल्थिया गिब्सन. किंमत म्हणाल तर वीस-बावीस रुपये. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, राळेगाव तालुक्यातल्या शाळेत मुलींना धावायला शिकवते. मला यापेक्षा मोठी भेट कुणी दिलेली नाही.

अमेरिकेने 2022 ते 2025 या चार वर्षांत दरवर्षी पाच, अशा 20 कर्तबगार स्त्रियांची नाणी काढली. पहिलं कवयित्री माया अँजेलो यांचं होतं. अल्थिया शेवटच्या वर्षीच्या पाच जणींत आहे. ही काही मखमली डबीत ठेवायचीच नाणी नाहीत. बाजारात चालतात, दूध-पाव घेताना सुटे म्हणून हातात येतात. हे मला फार आवडलं.

अल्थियाचा जन्म 25 ऑगस्ट 1927 चा, साउथ कॅरोलायनातल्या सिल्व्हर गावचा. आईबाप दुसऱ्याच्या वावरात बटईनं कापूस पिकवायचे. एका वर्षी पावसापाण्याने असा दगा दिला की बापाच्या हाती दीड गाठ कापूस लागला. वर्षभराच्या मेहनतीचे 75 डॉलर! यवतमाळ जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेवटी ते कुटुंब गाव सोडून न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गेलं. आपल्याकडची माणसं पुण्याला, सुरतेला जातात, तसंच.

हार्लेमला ज्या रस्त्यावर ते राहायचे, तो रस्ता पोरांना खेळायला म्हणून गाड्यांना बंद ठेवत. तिथे लाकडी फळीने खेळायचं पॅडल टेनिस चालायचं. बारा वर्षांची अल्थिया त्यात शहराची विजेती झाली. बडी वॉकर नावाचे एक वादक तिथे पोरांवर देखरेख ठेवायचे. त्यांनी तिला दोन जुन्या रॅकेट आणून दिल्या. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वर्गणी काढली आणि तिला काळ्या लोकांच्या टेनिस क्लबात घातलं. पुढे ह्यूबर्ट ईटन आणि वॉल्टर जॉन्सन या दोन काळ्या डॉक्टरांनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. शाळा ईटन यांच्याकडे राहून, उन्हाळ्यातला सराव जॉन्सन यांच्याकडे. ईटन यांच्या अंगणात टेनिस कोर्ट होतं, पण त्याच शहरात बसमध्ये तिला मागच्या बाकावर बसावं लागायचं.

तिच्या खेळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या वर्गणीबद्दल मात्र एखादी ओळ येते आणि लेख पुढे सरकतो. मी तिथेच अडकते. त्या लोकांकडे तरी काय होतं? मंदीची वर्षं, भाड्याच्या खोल्या. त्यांनी पोरीचा हात ओळखला आणि खिशात हात घातला. तेव्हा ती कुणीच नव्हती.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची दारं तिला बंद होती. माजी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने 1950 साली मासिकात खरमरीत लेख लिहून आपल्याच लोकांना जाब विचारला. त्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अल्थिया तिथे उतरली. 1956 ला फ्रान्समध्ये जिंकली. ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, त्यांत एकेरी जिंकणारी पहिली काळी व्यक्ती तीच. 1957 ला विम्बल्डन, हातात चषक द्यायला राणी एलिझाबेथ. न्यूयॉर्कला मिरवणूक निघाली. 1957 आणि 1958, दोन्ही वर्षी विम्बल्डनही तिचं आणि अमेरिकेची स्पर्धाही तिचीच.

आणि पैसा? एक दमडी नाही. तेव्हा टेनिस हौशी खेळाडूंचं, बक्षिसाची रक्कम नसायचीच. जगात पहिल्या नंबरची बाई 1958 नंतर पोटासाठी प्रदर्शनी सामने खेळली, गाणी गायली, गोल्फ खेळली. म्हातारपणी आजारी पडली तेव्हा औषधाला आणि घरभाड्याला पैसे उरले नव्हते. तिने इंग्लंडला अँजेला बक्स्टनला फोन केला. 1956 ला विम्बल्डनची दुहेरी दोघींनी मिळून जिंकली होती. अँजेला ज्यू. तिलाही क्लबवाल्यांनी दूरच ठेवलेलं. दोघींची ओळख झाली होती ती आपल्या भारतात, अल्थिया आशियाच्या दौऱ्यावर आलेली असताना. अँजेलाने टेनिसच्या मासिकात पत्र छापून आणलं आणि देशोदेशीहून पैसे आले, सुमारे दहा लाख डॉलर. म्हणजे सुरुवातीलाही वर्गणी आणि शेवटालाही वर्गणी.

28 सप्टेंबर 2003 ला ती गेली. नाणं आलं 2025 ला. या नाण्यांच्या कायद्यातच आहे की जिवंत माणसाला जागा नाही. गौरव झाला याचा मला मनापासून आनंद आहे, ते नाणं हातात घेतलं की अंगावर काटा येतो. पण पोरीला गरज असते ती बाराव्या वर्षी.

सुट्या संपल्यावर सरावानंतर मी नाणं पोरींच्या हाती दिलं. आमची चारशे मीटरवाली त्यावरून अंगठा फिरवत बसली. तिच्या बोटांवर पऱ्हाटीच्या बोंडांचे ओरखडे होते, सुट्यांत रोज वेचणीला जात होती ना. मग म्हणाली, "मॅडम, इचे मायबाप बी कापसातलेच होते?" मी हो म्हटलं. तिने नाणं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "मंग इले बूट कोनं घेऊन देले?"

रॅकेटचं नाही, बुटांचं विचारलं तिने. कारण जिल्ह्याच्या स्पर्धेत ती अनवाणी धावून पहिली आली. फक्कीने आखलेल्या मातीच्या मैदानावर ते निभतं. विभागीयला समोरच्या पोरी स्पाईक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घालून उतरतात. शिवाय अमरावतीला जायचं म्हणजे एसटीचं भाडं, दोन दिवसांचं जेवण आणि तिची व सोबत येणाऱ्या आईची वेचाईची मजुरी बुडते ती वेगळी. हंगामात ती मजुरी म्हणजे त्या घरचं वर्षाचं तेलमीठ आहे. पोरीला पाठवा म्हणताना मी ते भरून द्यायची तयारी ठेवलीच पाहिजे, असं मी मानते.

म्हणून वर्गणीची वही काढली आहे. जिनिंगवरच्या हमालांनी आपसांत गोळा करून भाड्याचे पैसे दिले. किराणावाल्या काकांनी शेंगदाणे आणि गूळ दिला. शिक्षकांपैकी तिघांनी मिळून मजुरीचं पाहतो म्हणून सांगितलं. राहिले बूट. पाच नंबरचे, पळायचे स्पाईक्स. वापरलेले चालतील, तळ फाटलेला नसावा आणि खिळे शाबूत असावेत. कुणाकडे घरात पडून असतील तर या आठवड्यात कळवा. सरावात पायाला सवय व्हायला तिला थोडे दिवस लागतील.