'सेव्हन सामुराय' मराठी सबटायटल्स, खेप चौथी: आडवा र अखेर जागेवर

सुटला एकदाचा. 'शेतकऱ्यांनो' हा शब्द आता टीव्हीच्या पडद्यावर 'शेतकऱ्यांनो' असाच दिसतो. मागच्या खेपेला काम त्यातल्या आडव्या र वरच अडलं होतं. कुरोसावाचा हा जपानी सिनेमाच दरोडेखोरांविरुद्ध सात सामुराय आणणाऱ्या शेतकऱ्यांचा, त्यामुळे हा शब्द टाळून पुढे जायची सोयही नाही. मधल्या काळात सुधारलेलं एक पुन्हा बिघडलं, आणि त्या बिघाडातूनच भाषांतराची एक नवी कल्पना निघाली. ती पुढे येईलच.

टायमिंगचा हिशोब आधी उरकू. जुनी एसआरटी, म्हणजे सबटायटल्सची फाइल, पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरची, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम; सिनेमाचा मूळ वेग 24. 207 मिनिटांचा सिनेमा त्या वेगात 198 मिनिटं 43 सेकंदांतच संपतो. म्हणून सगळ्या वेळा 25 भागिले 24, म्हणजे 1.04167 ने गुणल्या. तरी शेवटच्या प्रसंगात, मध्यंतराची तूट सोडून, साडेबारा सेकंदांचा फरक उरत होता. हा आकडा दिसला की समजावं, व्हिडिओची फाइल 24 ची नसून 23.976 ची आहे. हजारात एकाचा फरक 12,420 सेकंदांवर बरोबर तेवढाच भरतो. गुणक 1.0427 केला आणि मध्यंतरापर्यंत सगळं बसलं. मध्यंतराचा तुकडा जुन्या डीव्हीडीत कापलेला होता, म्हणून पुढच्या ओळी एकगठ्ठा सरकवल्या. तासाभराचं काम.

आता मुख्य दुखणं. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मराठीत र पुढच्या अक्षराला दोन तऱ्हांनी जोडला जातो. 'सूर्य'मध्ये तो रफार होऊन डोक्यावर बसतो, 'दऱ्या'मध्ये आडवा होऊन य च्या पोटाला लागतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, तेव्हा हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. युनिकोडमध्ये आडवा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दुसरी, नुक्त्याचा ऱ (क्रमांक 0931) आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि गोंधळाचं मूळ तेच.

आमच्या फाइलीत दोन्ही वाटा मिसळलेल्या होत्या. इन्स्क्रिप्टवाले शिफ्ट-जे, डी आणि मग तिरपी रेघ दाबतात, त्यातून 0931 येतो. फोनेटिकवाल्यांच्या कळफलकांतून बहुतेकदा जॉइनर येतो. हा जॉइनर फार नाजूक. चॅटमधून ओळी चिकटवताना गळतो, 'अदृश्य चिन्हे साफ करा' असली आज्ञा दिली की गळतो. एकदा गळला की 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. दुसऱ्या खेपेत जागोजागी दिसलेले रफार असेच आले होते. टायपिंग करणाऱ्यांना उगाच बोल लागला.

यावर उतावळेपणाने केलेला उपाय असा: सरसकट शोधा-आणि-बदला, र्य च्या जागी ऱ्य. कृपा करून कुणी हे करू नका. तरुण कात्सुशिरो सामुरायांचा म्होरक्या काम्बेईचा शिष्य व्हायला धडपडतो, म्हणून त्याच्या तोंडी 'आचार्य' हे संबोधन ठेवलं होतं. एका क्लिकमध्ये 'आचार्यांना'चं 'आचाऱ्यांना' झालं आणि ताकाशी शिमुराने रंगवलेला हा धीरगंभीर सेनानी लग्नघरचा स्वयंपाकी होऊन बसला. 'शौर्य', 'धैर्य', 'मर्यादा' यांचीही तीच गत.

बरोबर क्रम असा. सर्वात आधी र + हलन्त + जॉइनर जिथे सापडेल तिथे 0931 + हलन्त करायचं. मग र + सुटा नुक्ता शोधायचा. मजकूर कुठे 'एनएफडी' या अक्षरं सुटी करणाऱ्या युनिकोड प्रकारात फिरून आला असेल तर 0931 फुटून असे दोन तुकडे होतात, आणि र खाली टिंब दिसू लागतं. तेही जोडून घ्यायचं. यानंतर उरलेले र्य मात्र एकेक करून डोळ्यांनीच तपासायचे. नियम सोपा आहे: मूळ शब्द 'रा' किंवा 'री'ने संपत असेल तर सामान्यरूपात किंवा अनेकवचनात आडवा र. शेतकरी, गावकरी, म्हातारा, पहारेकरी, दुसरा, सारा, खरा, बिचारा, सुरी हे सगळे त्यात आले. तत्सम शब्द असेल तर रफार. शेवटी र्ह बघायचा. 'अर्हता'ला रफार, पण 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'गुऱ्हाळ' आडवे. सातांपैकी हेइहाची पहिल्यांदा दिसतो तोच लाकडं फोडताना, तेव्हा तिथली कुऱ्हाड चुकवू नका. आमची चुकलेली होती.

इथवर संगणकावर सगळं झकास. व्हीएलसी आणि एमपीव्ही या दोन्ही प्लेअरांत 'शेतकऱ्यांनो' सुरेख उमटत होतं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि पुन्हा माती. हलन्त सुटा, जोडाक्षरं मोडलेली, 'कि'ची वेलांटी क च्या उजवीकडे. टीव्हीतला प्लेअर अक्षरं नुसती एकापुढे एक मांडतो, ती जुळवत नाही. एसआरटी बॉमसकट (फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) यूटीएफ-8 मध्ये साठवल्याने चौकोन जाऊन निदान देवनागरी दिसते, तेवढंच. फॉन्ट पेनड्राइव्हवर ठेवून काही होत नाही. ब्ल्यू-रेच्या धर्तीची चित्ररूप सबटायटल्स सबटायटल एडिटमधून दोन मिनिटांत निघतात (मोफत साधनांत याच्या तोडीचं दुसरं नाही), पण आमच्या टीव्हीने ती यादीतही दाखवली नाहीत. उरला एकच मार्ग: अक्षरं चित्रातच छापून टाकायची.

एफएफएमपेग या साधनाने छापलं. वेलांट्या जागेवर, जोडाक्षरं जागेवर, आणि फक्त एकच अक्षर मोडलेलं. कुठलं ते सांगायला नको.

डोकं फिरवणारी गोष्ट ही की पहिल्या खेपेत याच फॉन्टने, याच आज्ञेने तेच शब्द नीट छापले गेले होते. त्यातल्या 'एएसएस' (सबटायटल्सचा एक प्रकार) फिल्टरचा शेपिंग, म्हणजे अक्षरजुळणीचा, पर्याय 'सिम्पल'वर राहिलाय का पाहिलं. नाही, 'कॉम्प्लेक्स'च होता. अक्षरं जुळवणारं हार्फबझ जोडलेलं आहे का पाहिलं, आहे. ठळक अक्षर काढून पाहिलं, ढिम्म. शेवटी लॉग वाचला, जो पहिल्याच दिवशी वाचायला हवा होता. त्यात अक्षरं रेखाटणाऱ्या लिबासने स्वच्छ लिहून ठेवलेलं: 931 क्रमांकाचा ग्लिफ, म्हणजे अक्षराचा आकार, सापडला नाही, दुसरा फॉन्ट घेतोय. शीर्षकासाठी हौसेने निवडलेला तो जाड फॉन्ट हिंदीच्या बेताने केलेला, त्यात ऱ हे अक्षरच नाही. मग ऱ येतो दुसऱ्या फॉन्टातून, हलन्त आणि य पहिल्यातून, आणि दोन वेगळ्या फॉन्टांतली अक्षरं एकमेकांना जोडली जाऊच शकत नाहीत. पहिल्या खेपेत चाललं, कारण तेव्हा जॉइनरवाला र होता, साधा र, जो त्या फॉन्टात आहे. म्हणजे मजकूर शुद्ध केला म्हणून छपाई बिघडली.

जॉइनरकडे परत जायचा मोह झाला, पण नको. जॉइनर गळला तर चुकीचा शब्द तयार होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ऱ मोडला तर निदान डोळ्यात खुपतो. मजकूर 0931 मध्येच ठेवला आणि फॉन्ट बदलून 'मुक्त' घेतला. 'एक टाइप' या संस्थेचा हा फॉन्ट पडद्यावर वाचायला उत्तम, आणि त्याच्या ओळींत मुळातच भरपूर अंतर आहे. एएसएसमध्ये ओळींमधलं अंतर वाढवायची सोय नाही, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आपटतात. तो त्रासही यात गेला.

श आणि ल मराठी वळणाचे हवे असतील तर एएसएसच्या स्क्रिप्ट इन्फोत लँग्वेज म्हणून 'एमआर' टाका. फॉन्टात मराठी रूपं असतील तरच फरक दिसेल. नोटो सान्स देवनागरीत ती आहेत.

एक सवय लावून घ्या: 207 मिनिटं छापायच्या आधी तीस सेकंदांचा तुकडा छापून तो टीव्हीवरच बघायचा. आमची परीक्षेची ओळ आता ठरली आहे: 'दर्यावर, दऱ्यांत, आचार्यांनी, आचाऱ्यांनी, अर्हता, कुऱ्हाड, शाल'. ही नीट दिसली तर बाकी सगळं दिसतं.

मांडणीचे आकडे, मागच्या वेळी काहींनी विचारले होते म्हणून: चित्र 1.37 प्रमाणाचं, म्हणजे 1080 उंचीला रुंदी साधारण 1480. दोन्ही बाजूंना 220 पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. ओळ त्या पट्ट्यांत शिरली की पाहणाऱ्याची नजर चित्राबाहेर जाते, म्हणून डावा-उजवा समास 240. अक्षरांची कडा 3, सावली शून्य. रंग पिवळा नकोच. कृष्णधवल चित्रावर पिवळी अक्षरं म्हणजे जुन्या वाड्याला लावलेली ट्यूबलाइट. 255 च्या शुद्ध पांढऱ्याऐवजी 230 चा मळका पांढरा पुरतो. छपाईला एक्स264 एन्कोडर, दर्जाचा आकडा सीआरएफ 18, ट्यून 'ग्रेन'. नाहीतर पावसातल्या लढाईचा सगळा पोत चिखलासारखा एकजीव होतो.

वाचनवेगाच्या काऊंटरवर विश्वास ठेवू नका. तो कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडच्या सुट्या खुणा, मोजतो. 'शेतकऱ्यांनो' त्याच्या लेखी 11 अक्षरं, आपल्या जिभेला पाच. इंग्रजीचा सेकंदाला 17 चा निकष लावला तर चांगली वाक्यं विनाकारण छाटली जातात. आम्ही सेकंदाला नऊ-दहा अक्षरं आणि ओळीला 24 धरतो.

या सगळ्यात सिनेमा पुन्हा पुन्हा बघितला जातो, आणि सबटायटल करताना तो वेगळाच दिसतो. चाळीस दरोडेखोरांना जवळपास संवादच नाहीत. 1960 च्या 'मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये ईलाय वॉलॅकचा काल्वेरा झकास बोलतो, आणि तिथेच तो सिनेमा हलका होतो. बोलणारा खलनायक आवडायला लागतो. कुरोसावाचे दरोडेखोर अवर्षणासारखे येतात, त्यांच्याशी कसला संवाद? आपल्या 'शोले'ने भाडोत्री लढवय्यांची कल्पना घेतली, पण मन गब्बरला दिलं. तो वेगळा सिनेमा, वेगळी मजा. शेवटच्या लढाईत तर सबटायटल्सची टाइमलाइन बराच वेळ ओस पडलेली असते, तरी कोण कुठे आहे याचा एका क्षणाला गोंधळ होत नाही. हल्लीच्या लढायांत पात्रं ओरडून सांगतात तेव्हा कळतं.

शब्दांचे वाद चालूच आहेत. 'रोनिन'ला (धनी नसलेला सामुराय) 'शिलेदार' ही सूचना छान होती, पण शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो, आणि हे सातही जण पायी. 'रोनिन'च राहील. शेतकरी भात पाहुण्यांना घालून स्वतः जे भरड धान्य खातात त्याला 'वरी' म्हटलं तर अर्ध्या प्रेक्षकांना एकादशी आठवते. 'सावा' केलंय, बघू. गावकऱ्यांना वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोली देण्याचा बेत रद्द. दोन ओळींतच रिकिची हा शेतकरी तमाशापटातला गडी वाटायला लागला, आणि त्याचं दुःख हसण्यावारी जाणं परवडणार नाही. 'न्हाई', 'हाय' एवढ्यावर भागवू.

आणि आता ती कल्पना. आडव्या र वर तोडगा मिळत नव्हता तेव्हा 'शेतकरी' हा शब्दच बदलून पाहिला. 'कुणबी' अर्थाला जवळचा, पण आज तो जातीचं नाव म्हणून ऐकू येतो, म्हणून बाद. मग सुचला 'रयत'. 'रयतेला', 'रयतेने', कुठे ऱ्य नाही. पळवाट म्हणूनच घेतला होता, पण संवादांत घालून पाहिल्यावर लक्षात आलं की सामुरायच्या तोंडी हाच शब्द शोभतो. वरून खाली पाहणारा, कनवाळू, तरी अंतर राखणारा. गावकरी स्वतःला रयत म्हणणार नाहीत, ते 'आम्ही शेतकरी'च म्हणतील. आणि मिफुनेने रंगवलेला किकुचियो, जो स्वतः त्याच मातीतून आलाय, तो सामुरायांवर उखडून शेतकऱ्यांचे सगळे दोष मोजतो आणि मग त्यांना असं कुणी केलं हे विचारतो, तिथे त्याने 'शेतकरी'च म्हणायला हवं.

त्यामुळे फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडावी लागणार. छपाईचा मुहूर्त पुढे गेला, माफी असावी. सातही सामुरायांच्या ओळी वेगळ्या रंगाने खुणावून 'शेतकरी' कुठे राहील आणि 'रयत' कुठे होईल, ते ठरवायचं. हेइहाचीच्या निशाणावरची सहा वर्तुळं आणि एक त्रिकोण यांना मजकूर लागत नाही, पण खालच्या 'ता' या जपानी अक्षराला जागा बांधून एक छोटी ओळ द्यावी असं वाटतंय. नको असेल तर आत्ताच सांगा.

एकच जागा अजून ठरत नाही: काम्बेईचं अगदी शेवटचं वाक्य. सबंध सिनेमाभर 'रयत' म्हणणाऱ्या त्याने तिथे 'जिंकले ते शेतकरी' म्हणावं, की तिथेही 'रयत'च? दोन्ही ओळी तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत छापून ठेवल्या आहेत, प्रत्येकी चार सेकंद पडद्यावर. बघा आणि सांगा.