आमची वाटचाल : फाटकावरच्या तुरीपासून शिवलेल्या पोत्यापर्यंत

मूर्तिजापूर-दर्यापूरकडचा आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून ओलित थोडं आणि भिस्त सगळी पावसावर. कापसाच्या जोडीनं तूर, मूग, हरभरा इथं पिढ्यान्‌पिढ्या पेरला जातो. तरी आमची तूर पोत्यात भरून अकोल्याला जायची आणि तिचीच डाळ गावच्या किराणा दुकानात चढ्या भावानं परत यायची. वडिलांना हे कायम टोचायचं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी दाल मिल त्यांनी पाहिली आणि कर्ज काढून घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बसवली. शेतकरी आपली तूर आणायचा, भरडाईचे पैसे द्यायचा, डाळ आणि चुनी (डाळीचा चुरा) घेऊन घरी जायचा. सुरुवात एवढीच.

पुढं धंदा वाढला. भरडाईसोबत स्वतःची खरेदी सुरू झाली, तूर घासणारा मोठा रोलर आला, वाळवणासाठी सिमेंटचं खळं झालं, फाटकाशी वजनकाटा बसला. आज मुकादम, हमाल, मिलवाले, निवडणाऱ्या बाया आणि ऑफिसातली दोन माणसं धरून बऱ्यापैकी मोठं कुटुंब या मिलवर चालतं. पण काम कोणत्या क्रमानं व्हायचं, कुठं अडलं तर कोणी ठरवायचं, हे सगळं वडिलांच्या डोक्यात होतं. ते खळ्यावर उभे असले की सगळं सुरळीत. ते नातेवाइकाच्या लग्नाला गेले की दर अर्ध्या तासानं त्यांचा फोन वाजायचा.

जानेवारी ते मार्च हा तुरीचा भर. त्या दिवसांत फाटकाबाहेर मेटॅडोर, ट्रॅक्टर, छोटा हत्ती यांची रांग लागायची. रोज संध्याकाळी एकच प्रश्न पडायचा: मिल तर दिवसभर चालली, मग माल पुढं का सरकला नाही? उत्तर म्हणून आम्ही दुसरा रोलर घ्यायच्या विचारात होतो. बँकेत विचारपूसही झाली होती.

त्याच सुमारास माझी पुतणी अमरावतीहून इंजिनिअरिंग संपवून घरी आली. मशीनचं कोटेशन पाहून ती म्हणाली, "काका, आधी काम कुठं थांबते ते तं पाहू. मशीन काय, केव्हाही घेता येते." तिनं लॅपटॉपवर कामाचं चित्र काढायचं एक सॉफ्टवेअर उघडलं. त्यात हिशेब नव्हता, बिलं नव्हती, नुसते गोल, चौकोन आणि बाण होते. आमच्याकडे सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना टॅली आठवते. हा प्रकार वेगळा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

काम चित्रात मांडायची रीत जुनी आहे. 1921 मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं अभियंत्यांपुढं प्रोसेस चार्ट मांडले होते. आज जगभर जी चित्रलिपी वापरतात तिला बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) म्हणतात. तिची पहिली आवृत्ती 2004 ची आणि सध्या वापरात असलेली दुसरी 2011 ची. पुढं 2013 मध्ये तिला आयएसओचा दर्जाही मिळाला. चिन्हं थोडीच आहेत. बारीक रेघेचा गोल म्हणजे सुरुवात, जाड रेघेचा गोल म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे एक काम आणि शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे वाट फुटण्याची जागा. त्या चौकटीत फुली असेल तर एकच वाट धरायची, अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटांनी एकाच वेळी काम सुरू. सगळ्यात उपयोगाचे आडवे पट्टे, ज्यांना लेन म्हणतात. एका माणसाचा किंवा विभागाचा एक पट्टा. काम ज्याचं, चौकोन त्याच्या पट्ट्यात. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की समजायचं, इथं काम हातातून हातात जाते.

आमच्यासारख्यांना परवडेल असं पुष्कळ काही यात फुकट मिळतं. ड्रॉ डॉट आयओ नेट नसतानाही संगणकावर चालतं, आणि आमच्याकडे ही गोष्ट महत्त्वाची आहे. बिझागी मॉडेलरमध्ये चित्रासोबत कामाचा वेळ आणि माणसं भरून काम संगणकावरच चालवूनही पाहता येतं. कॅमुंडा मॉडेलरही आहे. बिझागी आणि कॅमुंडातून बीपीएमएनची फाइल एका ठरावीक साच्यात काढता येते, त्यामुळे एकातलं चित्र दुसऱ्यात नेता येतं. चौकोनांत मराठी लिहिता येतं, आणि आम्ही सगळं मराठीतच लिहिलं. 'नमुना तपासणी' असं कागदी न लिहिता 'परखी मारणे' लिहिलं, कारण फाटकावर तोच शब्द चालतो.

पुतणीनं ऑफिसात बसून चित्र काढायला साफ नकार दिला. ती फाटकावर, खळ्यावर, गोदामात जाऊन ज्याचं काम त्यालाच विचारायची: यानंतर काय करता? अमुक नसेल तर काय करता? कोणाची वाट पाहता? या तिसऱ्या प्रश्नानंच सगळं उघडं केलं, असं मी ठामपणे सांगेन.

फाटकाचंच घ्या. गाडी आली की आधी काट्यावर भरलेलं वजन व्हायचं. मग गाडी बाजूला, मग परखी मारून नमुना, मग ओलावा. सरकारी खरेदीत तुरीचा ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, आम्हीही तीच हद्द धरतो. ओलावा जास्त निघाला की भावाची बोलणी ऑफिसात, आणि ती जुळली नाहीत की गाडी वजन करूनही परत. तोवर तिच्यामागच्या गाड्या ताटकळत. शिवाय एकच वजन काट्याच्या पावतीवर, मुकादमाच्या वहीत आणि ऑफिसच्या संगणकावर असं तीनदा लिहिलं जायचं. पट्ट्यांत मांडल्यावर दिसलं की प्रत्यक्ष काम मिनिटांचं आहे आणि बाकी सगळा वेळ एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना सांडतो. आता परखी आणि ओलाव्याचं मीटर काट्याच्या आधी आले. भाव ठरल्याशिवाय गाडी काट्यावर चढत नाही. ती काट्यावर असतानाच मुकादम उतरवायची जागा ठरवतो, म्हणजे ही दोन कामं अधिकच्या चिन्हानं एकाच वेळी सुरू होतात. मुकादमाची वही बंद झाली, पावतीची दुसरी प्रत त्याच्याकडे जाते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते खळ्याच्या चित्रानं. ज्यांना डाळीचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुरीचं टरफल आतल्या दाण्याला चिकाच्या थरानं घट्ट धरून असतं. म्हणून रोलरवर दाण्याला ओरखडे पाडायचे, त्याला तेल चोळायचं, रात्रभर ढीग मारून ठेवायचा आणि मग उन्हात पसरायचा. तेल आत मुरतं, ऊन लागतं, टरफल सुटतं. ऊन कमी पडलं तर टरफल सोडत नाही आणि जोर लावला तर डाळीचा खंडा, म्हणजे तुकडे, होतो. तुरीत टरफलाचा भाग दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो, तरी 100 किलो तुरीतून आमच्यासारख्या मिलमध्ये 70 ते 75 किलोच डाळ हाती येते. मधली सगळी घट चुनी, खंडा आणि भुश्यात. म्हणजे आमचा नफा त्या खळ्यावर वाळत पडलेला असतो.

आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे अवकाळी येतो, कधी गारांसकट. आभाळ भरून आलं की धावपळ: ताडपत्री ओढायची का? ओढली तर दिवसाचं ऊन वाया, नाही ओढली आणि सरी आल्या तर माल काळा. हा निर्णय वडील घ्यायचे. ते नसले की मी. दोघंही नसलो की खळ्यावरचे लोक आमच्या फोनची वाट पाहत उभे. बीपीएमएनमध्ये यासाठी नेमकं चिन्ह आहे. कामाच्या चौकोनाच्या कडेवर दुहेरी रेघेचा गोल चिकटवता येतो. त्याचा अर्थ, हे काम चालू असताना अमुक घडलं तर काम तिथंच थांबवून या वाटेनं जा. पुतणीनं 'वाळवण'च्या कडेवर तो गोल लावला, 'आभाळ' असं लिहिलं आणि बाण काढून विचारलं, "हा बाण कोणाच्या पट्ट्यात टाकू?"

खळ्याचं काम पाहणारे आमचे काकाजी वडिलांच्या वेळेपासूनचे. ते म्हणाले, "माह्या टाका. आभाळ मले समजते. फक्त उद्या ऊन पडलं तं कोणी मले बोलू नका का कायले झाकलं म्हणून." वडिलांनी तिथल्या तिथं शब्द दिला. बाण त्यांच्या पट्ट्यात गेला आणि ताडपत्र्या गोदामातून उचलून खळ्याच्या कोपऱ्यात ठेवल्या गेल्या. तेव्हापासून आभाळ आलं की फोन होत नाही. काकाजी माल झाकून मोकळे झालेले असतात.

निवडणाऱ्या बायांनीही एक वाट दाखवली, जी ऑफिसात कोणाला माहीत नव्हती. टरफल निघालेला पण न फुटलेला गोटा त्या वेगळा काढून टोपलीत ठेवत आणि मिलवाल्याला सवड मिळाली की तो परत मिलवर जाई. एक ताई म्हणाल्या, "भाऊ, सकाळचा गोटा कधी कधी दुसऱ्या दिवशी जाते. तवर कोणत्या मालाचा हाय हे राहते का ध्यानात?" चित्रात तो मागं जाणारा बाण आला आणि त्याच्याबरोबर प्रत्येक लॉटचं एक कार्ड आलं. कार्ड मालासोबत फिरतं, गोट्याच्या टोपलीतही असतं. कोणत्या गाडीच्या तुरीला डाळीचा किती उतारा पडला हे आम्हाला तेव्हापासून लॉटवार दिसू लागलं. खरेदीचा भाव ठरवताना याचा मोठा आधार आहे, आणि गिऱ्हाइकाची खड्याची तक्रार आली तर त्या पोत्याचा माग थेट फाटकापर्यंत काढता येतो.

आता रोलरचं. बिझागीत चित्र चालवून पाहायच्या चार पायऱ्या आहेत: आधी वाटा बरोबर जुळल्या का, मग वेळ, मग माणसं आणि साधनं, शेवटी कामाचे दिवस आणि तास. वेळेचे आकडे अंदाजानं टाकायचे नाहीत यावर पुतणी अडून बसली. काट्यावर, खळ्यावर, मिलवर तास लिहायला वह्या ठेवल्या आणि भर हंगामातले आकडे घेतले. ते भरून चालवलं तर रांग खळ्याच्या आधी लागत होती. तेल लावलेला माल पसरायला जागाच नव्हती. दुसरा रोलर आला असता तर तोच ढीग आणखी उंच झाला असता. आम्ही रोलरचा विचार सोडला आणि त्याच्या किमतीच्या थोड्याशा भागात खळ्याचा पक्का ओटा वाढवला. मशीन विकणाऱ्यानं पुन्हा फोन केला तेव्हा वडिलांनी त्याला रांगेचं चित्र समजावून सांगितलं. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे, पण वडिलांना स्वतः ते समजावून सांगता आलं याचा मला फार आनंद झाला.

भरडाईवाल्या शेतकऱ्याचा वेगळा पट्टा काढला, तोही सांगण्यासारखा. त्याची दोन क्विंटल तूर दुसऱ्या मालात मिसळता येत नाही, खळ्यावर वेगळी जागा लागते. पूर्वी तो 'झाली का डाळ?' विचारायला खेड्यावरून मोटारसायकलनं यायचा. बीपीएमएनमध्ये बाहेरच्या माणसाला जाणारा निरोप तुटक रेघेनं दाखवतात. तसे दोन तुटक बाण आम्ही त्याच्याकडे काढले: फाटकावरच अंदाजे तारीख सांगणं आणि डाळ झाली की फोन. खर्च काही नाही. पण धंद्याची सुरुवात ज्यांच्या जिवावर झाली त्यांना आता हेलपाटा पडत नाही, आणि माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपातलं हे सगळ्यात मोलाचं काम.

नियम बदलले तरी चित्र कामी येतं. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के जीएसटी सुरू झाला आणि त्याहून मोठं पोतं त्यातून वगळलं गेलं. आमच्या पोती भरण्याच्या चित्रात यासाठी फुलीची एक चौकट आहे. पोतं शिवणारा मुलगा चौकट पाहतो आणि लेबल, बिल त्याप्रमाणे होतं.

जवळपासचे जिनिंगवाले आणि शेतकरी कंपन्यांचे लोक कधी चित्रं पाहायला येतात. फाइल आम्ही देतो, पण त्यातले आमचे वेळेचे आकडे काढून देतो. प्रत्येक ठिकाणचे हमाल वेगळे, फाटक वेगळं, ऊनही वेगळं. आकडे आपापलेच घ्यावे लागतात.

सध्या हरभऱ्याचं चित्र चालू आहे. हरभऱ्याचं टरफल तुरीच्या मानानं सहज सुटतं, त्यामुळे तेल आणि वाळवणाचा भाग बराच आखूड आहे, पण तुरीची वर्दळ ओसरायच्या आतच तो बाजारात उतरतो आणि खळं आणि मिल दोन्ही पिकांना एकाच वेळी हवी असतात. कोणत्या आठवड्यात कोणाला किती जागा द्यायची, याचे आकडे वहीत जमा होत आहेत. काकाजींचं म्हणणं आहे की रस्त्याकडचा ओटा हरभऱ्याला द्यावा, पुतणीचं म्हणणं आहे की आधी चालवून पाहावं. या हंगामाआधी दोन्ही करून पाहणार आहोत.