बाईंचा आवाज, चाचांची केबिन

गुरुवार, रात्री

आज दुपारभर नानांच्या पडवीत बसून आमच्या चिपळूणच्या चित्रपट महोत्सवाच्या पत्रकांच्या घड्या घातल्या. एका चित्रपटाला एक पान. वर नाव, देश, साल, दिग्दर्शक. खाली नानांनी लिहिलेलं कथासार आणि तळाला दोनच ओळी, कुठल्या प्रसंगाकडे लक्ष असू द्यावं एवढं सांगणाऱ्या. नाना बँकेतून निवृत्त झाले, पण अक्षर अजून खातेवहीतलंच आहे. प्रत्येक चित्रपट ते आधी नुसता बघतात, मग थांबवत थांबवत, वहीत टिपत. शेवट मात्र कधीच लिहीत नाहीत. "अर्ध्या वाटेवर आणून सोडायचं, पुढचं पडदा सांगेल," हे त्यांचं ठरलेलं.

ही सवय त्यांना मुंबईत लागली. नोकरीच्या काळात ते प्रभात चित्र मंडळाचे सभासद होते. प्रभात 1968 साली सुरू झालं आणि सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी ते उभं केलं. फिल्म सोसायट्यांचा देशपातळीवरचा महासंघ त्याच्याही आधीचा, 1959 चा, आणि त्याचे पहिले अध्यक्ष सत्यजित राय. त्या काळी खेळाआधी हातात सायक्लोस्टाईल केलेला कागद मिळायचा. नानांना चित्रपट वाचायची गोडी त्या कागदांनी लावली. पुढे एका उन्हाळ्यात रजा टाकून ते पुण्याच्या रसास्वाद शिबिराला जाऊन आले. तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात, ते संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर छोटी टॉर्च आणि वही घेऊन टिपणं काढत बसलेले त्यांनी पाहिले. नाना हे सांगतात तेव्हा हात आपोआप वही धरल्यासारखा करतात.

जुनी पत्रकं फार थोडी उरली आहेत. 22 जुलै 2021 च्या पुरात बाजारपेठेतलं आमचं कपाट पाण्यात होतं. वाशिष्ठी ओसरल्यावर आम्ही चिखलातून गठ्ठे काढले, तेव्हा कागदाला कागद चिकटून त्याची वीट झाली होती. वरची काही पानं नानांनी सुटी करून दोरीवर वाळत घातली. त्यावरची शाई पसरली आहे, पण वाचता येतात. आता सगळं पेन ड्राईव्हवर असतं, एक प्रत पुण्याला त्यांच्या लेकीकडे.

मे महिन्यात महोत्सव करू नका, असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. उकाडा, लग्नसराई, हॉल मिळत नाही, विजेचा भरवसा नाही. सगळं खरं आहे. पण मुंबईचा चाकरमानी याच दिवसांत घरी असतो, मुलांना सुट्टी असते आणि म्हातारी माणसं नातवंडांचं बोट धरून बाहेर पडतात. आम्हाला हीच माणसं हवी आहेत. परदेशी चित्रपटांना इथलं सेन्सॉर प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे ते महोत्सवात दाखवायला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. ते पत्र आलं. खुर्च्या उद्या सकाळी येतील. जनरेटरवाल्याला दोनदा आठवण केली.

शुक्रवार

उद्घाटनाला ‘श्यामची आई’. दीपप्रज्वलन, हारतुरे काही नाही, नानांचं दोन मिनिटांचं बोलणं आणि थेट चित्रपट. या बाबतीत आमचं मंडळ हट्टी आहे आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. लोक घरातली कामं आवरून येतात, त्यांना भाषणात अडकवणं हा अन्याय आहे.

आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट 1953 चा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. ही नोंद पत्रकात आहे, पण आज आलेल्या आज्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना माहीत होतं ते पालगड. साने गुरुजींचं गाव इथलंच, दापोली तालुक्यातलं. एक आजी तिकडच्याच, लग्न होऊन इकडे आलेल्या. पडद्यावर विहीर दिसली की घर दिसलं, त्या शेजारणीला हळूच काहीतरी सांगत होत्या.

साडेसहाला वळीव आला. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला, आवाज ऐकू येईना, मग वीज गेली. मुलांनी जनरेटर सुरू करेपर्यंत हॉल काळाकुट्ट. एकही माणूस उठला नाही. कुणीतरी पत्रकाने वारा घ्यायला लागलं, मग सगळ्यांनीच.

शनिवार, पहाट व्हायला आली आहे

झोप येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

रात्री शेवटच्या खेळानंतर टॉकीजवर गेलो. संध्याकाळी तिथे ‘मंथन’ लावायचा आहे आणि चाचांचा नियम असा की आदल्या रात्री पाच मिनिटं तरी चालवून बघायचंच. चाचा गोवळकोटचे. प्रोजेक्टर कार्बनच्या दिव्यांवर चालायचे तेव्हापासून ते केबिनमध्ये आहेत. वीसेक मिनिटांचं एक रीळ, दोन मशिनं, पडद्याच्या कोपऱ्यात टिकली चमकली की दुसरं मशीन सोडायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. आता हार्ड डिस्क येते, ती सर्व्हरवर उतरवून घ्यायची. चित्रपट कुलपात असतो आणि त्याची चावी वेगळी, ई-मेलने. चावी म्हणजे एक छोटी फाईल. ती एकाच सर्व्हरसाठी बनवलेली असते आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते.

चाचांनी चावी टाकली. सर्व्हर म्हणाला, नाही. परत टाकली, परत नाही.

कारण सापडायला वेळ लागला. थंडीत टॉकीजचा सर्व्हर बदलला होता आणि चावी जुन्या सर्व्हरच्या नावाने बनून आली होती. रात्रीचे बारा वाजून गेलेले. मी फोन लावत सुटले. चाचा मात्र शांतपणे गुडघ्यावर बसले, मशिनच्या मागची धूळ रुमालाने पुसली, मोबाईलच्या उजेडात स्टिकरवरचा नंबर मोठ्याने वाचला आणि मला लिहून घ्यायला लावला. मग माझ्याकडून परत वाचून घेतला. "आठ आहे का तीन आहे, नीट बघ. एक आकडा चुकला तर सगळी रात्र गेली." मुंबईत रात्रपाळीला बसलेल्या एका मुलाने तो नंबर घेऊन नवी चावी बनवली. पहाटे दोनच्या सुमाराला ती आली, पेन ड्राईव्हवर घेतली, आणि पडद्यावर गुजरातच्या त्या गावात आगगाडी शिरली. चाचांनी पाच मिनिटं पाहिलं, आवाज दोन घरं कमी केला आणि वहीत वेळ लिहिली.

‘मंथन’ 1976 चा, गावातल्या दूध सोसायटीची गोष्ट. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची प्रत नव्याने दुरुस्त केली आणि 2024 मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. चाचांनी तो आला तेव्हा पाहिलेला. म्हणाले, "तेव्हा प्रिंट आपल्याकडे पोचेपर्यंत पाऊस पडायचा." प्रिंटवरच्या उभ्या ओरखड्यांना केबिनमध्ये पाऊस म्हणतात. आजची प्रत स्वच्छ होती, आणि त्यांना ते फार आवडलं होतं. चहा घेताना तेवढंच बोलत होते.

शनिवार, रात्री

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी शाळेच्या सभागृहात मुलांचा खेळ. खिडक्यांना घोंगड्या आणि ताडपत्र्या बांधून अंधार केला, त्यामुळे आत भट्टी. ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, माजिद मजिदी, इराण, 1997. चित्रपट फारसी, सबटायटल इंग्रजी, समोर दुसरीपासून सातवीपर्यंतची पोरं. त्यातली निम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली. म्हणून बाई.

बाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या बाई. मला पाचवीला मराठी त्यांनीच शिकवलं. पडद्याच्या डाव्या अंगाला एक टेबल, माईक, टेबललॅम्पला ब्राऊन पेपरची टोपी, म्हणजे उजेड फक्त वहीवर पडेल. वहीत दोन रकाने. डावीकडे मिनिटं-सेकंद, उजवीकडे मराठी वाक्य. चित्रपट चालू असताना त्या ते वाक्य बोलतात.

मूकपटांच्या काळात पडद्यावरच्या पाट्या थिएटरात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. जपानमध्ये तर पडद्याशेजारून बोलणारे बेन्शी नटांइतके नावाजलेले होते. तेव्हा ही काही गावठी सोय नव्हे. पण ही वाट अवघड आहे. आधीच्या एका वर्षी आम्ही एका हौशी नटाला बसवलं होतं. त्याने सगळी पात्रं आवाज बदलून केली, रडण्याच्या जागी रडला, आणि मुलं पडद्याऐवजी त्याच्याकडे बघत राहिली. बाईंना हे पटलं नव्हतं. त्या नकला करत नाहीत. एकाच आवाजात, सरळ, वर्गात धडा वाचतात तसं वाचतात. आणि नटाने बोलायला सुरुवात केल्यावर जराशा थांबून मग सुरू करतात. मी विचारलं होतं, उशीर का? "आधी त्या मुलाचा आवाज पोचू दे. त्याची भाषा कानावर पडायला नको का?"

तीन सबटायटलांचं त्या एक वाक्य करतात. जे दिसतं ते सांगत नाहीत. अलीच्या हातून बहिणीचे, झाराचे, दुरुस्त करून आणलेले बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, कारण वडिलांकडे पैसे नाहीत. मग दोघं अलीच्याच बुटांवर दिवस काढतात. ती सकाळच्या शाळेला, तो दुपारच्या. ती धावत येते, गल्लीत बूट काढते, तो घालून पळतो. या पळापळीला बाईंनी एक शब्द काढला नाही. पहिल्या वेळी मुलं गप्प होती. दुसऱ्या वेळी पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, "पळ पळ, घंटा झाली!" आणि मग सगळा हॉल तिच्यासोबत धावायला लागला.

शर्यतीत तिसऱ्या बक्षिसाला बूट आहेत. अलीला तिसरं यायचंय आणि तो पहिला येतो. मुलांना काय झालं ते आधी कळेना. काहींनी टाळ्या वाजवल्या, मग टाळ्या आपोआप विरल्या. झारा त्याच्या पायांकडे बघते. बाईंनी वही मिटली होती, मी मागून पाहत होते. त्याआधी एका दृश्यात वडिलांच्या सायकलवर नवे बूट दिसतात. कुणी काही बोलत नाही, कॅमेराही थांबत नाही. मला वाटलं होतं, इथे तरी त्या एक वाक्य टाकतील, नाहीतर मुलांच्या हातून ते निसटेल. नाही टाकलं. आणि भिंतीशी उभ्या असलेल्या एका मुलीने, बहुतेक तिसरीतली असावी, जोरात सांगितलं, "बूट घेतलान त्याच्या बापाशीन! सायकलीवर हायत!" शेवटी अली पाण्यात पाय सोडून बसतो तेव्हा अर्धा हॉल पडद्याला सांगत होता, अरे रडू नको, आणलेत, आणलेत.

मी आजवर बऱ्याच ठिकाणी बरेच चित्रपट पाहिले, मोठ्या महोत्सवांतही. दिग्दर्शकाने मुद्दाम अबोल ठेवलेली गोष्ट इतक्या लहान मुलीने हेरून सगळ्यांना वाटून टाकावी, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. ते होण्यासाठी बाईंनी दीड महिना घरी बसून काय बोलायचं नाही ते ठरवलं होतं.

संध्याकाळी ‘मंथन’ व्यवस्थित झाला. आसपासच्या वाड्यांतून डेअरीला दूध घालणाऱ्या बायका आल्या होत्या. फॅट मोजण्याच्या प्रसंगाला त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

रविवार

दुपारच्या चर्चेत कॉलेजच्या मुलांनी बाईंच्या वाचनावर आक्षेप घेतला. ध्वनी हा चित्रपटाचा भाग आहे, त्यावर दुसरा आवाज चढवणं म्हणजे कृतीत ढवळाढवळ, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा अभ्यासातून आलेला होता आणि त्यांनी तो नीट मांडला. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरोबर आहे रे. पण तुम्हाला इंग्रजी येतं."

मी बाईंच्या बाजूची आहे, आणि इथे ते स्पष्ट लिहून ठेवते. सबटायटलसुद्धा चित्रावर चढवलेलीच असतात. डोळा खाली ओढला जातो तेव्हा वरचा चेहरा सुटतो, त्याची आपल्याला फक्त सवय झाली आहे. मुलांचा आणि आज्यांचा खेळ वाचनासह, रात्रीचा खेळ वाचनाविना, असं शेवटी ठरलं. आक्षेप घेणाऱ्यांपैकीच एका मुलीने पुढच्या वेळी वेळेचे रकाने भरून द्यायची तयारी दाखवली. बाईंनी तिला तिथेच वही दाखवायला बसवलं.

समारोप झाला. आमरस-पुरीला कुणालाच भूक नव्हती, तरी सगळे जेवले.

सोमवार

खुर्च्या गेल्या. जनरेटरवाल्याचे पैसे दिले. ताडपत्र्या शाळेच्या मैदानात वाळत आहेत. हिशेब जुळतो, थोडी शिल्लकसुद्धा आहे, ती छपाईला ठेवायची.

हॉलच्या कारकुनाने पुढच्या मे महिन्याबद्दल सांगितलं की मुहूर्त निघायच्या आत अर्ज द्या, नाहीतर सगळे शनिवार-रविवार लग्नांत जातील. त्यामुळे दिवाळीच्या आधीच तारखा धरायच्या. बाईंची अट त्याहून लवकरची आहे. चित्रपट गणपतीपर्यंत त्यांच्या हातात हवा, भाषा कानात बसायला वेळ लागतो म्हणतात. पुढच्या वेळी जपानी घ्यावा अशी त्यांची इच्छा आहे. चाचांनी टॉकीजच्या नव्या सर्व्हरचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे आणि त्याचा फोटो मला पाठवला आहे. तो मी वितरकांच्या यादीत जोडून ठेवला. नाना साडेआठला वही घेऊन येतायत.