शेवटची चार पाने नसलेली खूनकथा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात नागपुरातल्या सीताबर्डीच्या पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका गृहस्थाकडून मी तीस रुपयांना एक जुना दिवाळी अंक घेतला. त्यातली सव्वीस पानांची खूनकथा मी त्याच रात्री वाचायला घेतली आणि बाविसाव्या पानाच्या तळाशी ती थांबली. पुढची दोन्ही पत्रे, म्हणजे शेवटची चार पाने, शिवणीपासून निघून गेली होती. शेवटच्या छापील ओळीत इन्स्पेक्टर खोलीत जमलेल्या मंडळींपैकी कोणाला तरी उद्देशून म्हणतात, "त्या रात्रीबद्दल तुम्ही खरे तेच सांगितलेत, आणि". ते कोणाकडे पाहून बोलत होते हे पुढच्या पानावर असणार. खून कोणी केला आणि कशासाठी केला, हे उरलेल्या बावीस पानांवरून मला स्वतःलाच ठरवता येईल का, या प्रश्नाने पुढचे तीन आठवडे मला सोडले नाही. ते तीन आठवडे कसे गेले ते सविस्तर लिहावे असे वाटले. कथेचे आणि लेखकाचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही, कारण तो अंक उद्या कोणाच्या हाती पडला तर त्याला हा आनंद मिळायला हवा.

कथा अशी आहे. नागपूरच्या महाल भागात वाडा असलेले एक वृद्ध वकील काटोलजवळच्या आपल्या संत्र्याच्या बगिच्यातल्या कोठीत मे महिन्याच्या एका सकाळी मृतावस्थेत सापडतात. डोक्यावर बोथट वस्तूचा घाव आहे. आदल्या संध्याकाळी ते कोणालाही न कळवता तेथे आलेले असतात. त्या रात्री बगिच्यात चार माणसे असतात: पुतण्या, जो नुकताच वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाला आहे; हिशेब पाहणारे दिवाणजी; स्वयंपाकीण; आणि राखणदार. बहाराचा, म्हणजे झाडांवरच्या फळाचा, सौदा केलेला व्यापारी चौदाव्या पानावर प्रथम येतो. नऊच्या सुमारास काका-पुतण्याचे कडाक्याचे भांडण होते, ते सगळे ऐकतात. पुतण्या अकराच्या गाडीने नागपूरला निघून जातो आणि गाडीत त्याला तिकीट तपासनीस ओळखतो. सकाळी सहा वाजता आलेले डॉक्टर प्रेत चांगलेच गार पडल्याचे, म्हणजे शरीराचे तापमान चार अंशांनी उतरल्याचे पाहून मृत्यू रात्री दहाच्या सुमारास झाला असे सांगतात, आणि पुतण्याला अटक होते.

मी एकतीस वर्षे लेखापरीक्षणाचे काम केले आहे. त्या सवयीप्रमाणे मी एक वही घेतली, प्रत्येक पात्राला एक पान दिले आणि त्या पात्राने स्वतः सांगितलेली गोष्ट डावीकडे, तर इतरांकडून किंवा लेखकाच्या निवेदनातून कळलेली गोष्ट उजवीकडे लिहीत गेलो. लेखक वाचकाशी प्रामाणिक आहे, एवढे एक गृहीत मात्र मला धरावेच लागले. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच वाचकाला भेटलेला असावा, असा त्यातला पहिला नियम आहे, आणि तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये असेही त्यात आहे. आमच्या कथेचा लेखक हे नियम पाळत होता की नाही हे मला कळण्याचा मार्ग नव्हता, परंतु ते पाळले नसतील तर माझा सगळा खटाटोपच व्यर्थ होता. म्हणून मी ते पाळले आहेत असे धरले आणि चौदाव्या पानावर उगवणाऱ्या व्यापाऱ्याचे पान बाजूला ठेवले.

पहिला आठवडा पुतण्यावर गेला. मृत्युपत्रानुसार सगळी मालमत्ता त्याचीच होती, भांडण झाले होते आणि वेळही जुळत होती. पण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २५ प्रमाणे खून करणाऱ्याला मारलेल्या माणसाचा वारसा मिळत नाही, आणि नुकतीच वकिलीची परीक्षा दिलेल्या तरुणाला हे ठाऊक असणारच. वारशासाठी खून करायचा तर तो कधीही आपल्या माथी येणार नाही अशा बेताने करायला हवा. सगळ्यांना ऐकू जाईल असे भांडून तासाभरात काकांच्या डोक्यात घाव घालणारा मनुष्य वारशाचा विचार करीत नव्हता हे उघड आहे. संतापाच्या भरात केले असेल, असे म्हणता येते. पण मग त्यानंतर शांतपणे स्टेशनवर जाऊन गाडी पकडणे त्याच्या स्वभावाशी जुळत नव्हते. तरीही दहाची वेळ त्याच्या विरोधात उभीच होती.

ती वेळ हलवली माझ्या पत्नीने. मी तिला सातवे पान वाचून दाखवत होतो. सकाळी वीज गेलेली आहे, कूलर बंद आहे, इन्स्पेक्टर कूलरच्या टाकीत डोकावतात तर ती कोरडी आहे आणि वाळ्याच्या ताट्या मात्र ओल्या आहेत, असे तेथे दोन ओळींत येते. रात्री टाकी काठोकाठ भरल्याचे स्वयंपाकिणीने आधीच सांगितलेले असते. पत्नी लगेच म्हणाली, "टाकी रिकामी झाली म्हणजे कूलर रात्रभर चालला होता. आणि त्यांचा पलंग तर कूलरसमोरच आहे ना?" नागपुरात राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि त्या कोरडेपणामुळेच ओल्या ताट्यांमधून येणारा वारा पहाटे पांघरूण घ्यायला लावतो.

आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, न्यायवैद्यकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सातवे पान दाखवले. त्यांनी सांगितले की मृत्यूनंतर शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाकडे सरकत जाते. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात ते साधारणपणे तासाला अर्ध्या अंशाने उतरते असा ढोबळ अंदाज धरतात, पण भोवतालची हवाच सदतीस अंशांच्या आसपास असेल तर ते जवळजवळ उतरतच नाही, आणि थेट गार वाऱ्याच्या झोतात ते खूपच भरभर उतरते. कथेतल्या डॉक्टरांनी चार अंशांना अर्ध्याने भागून आठ तास काढले होते आणि सहामधून आठ तास वजा करून दहा वाजवले होते. ते आले तेव्हा कूलर बंद होता, त्यामुळे त्यांनी तो हिशेबात घेतलाच नाही. तासाला एक अंश धरला तर मृत्यू दोन वाजता येतो. दोन वाजता पुतण्या नागपुरात होता. मी त्याचे पान मिटले.

आता रात्री दोन वाजताचा प्रश्न उभा राहिला, आणि वहीतल्या दिवाणजींच्या पानावर मला ती नोंद दिसली. सगळ्यांचे जबाब दहा वाजताच्या सुमाराबद्दल घेतलेले आहेत. दिवाणजी तेवढे न विचारता सांगतात की दीड ते साडेतीन ते विहिरीवर होते, मोटर सुरू करून बगिच्याला पाणी देत होते, आणि मोटरच्या आवाजात त्यांना काही ऐकू आले नाही. ज्या वेळेबद्दल कोणी विचारलेच नाही त्या वेळेचा हिशेब माणूस का देतो? लेखापरीक्षणात अशी न मागितलेली पावती पुढे आली की आम्ही तिथेच थांबून पाहत असू.

मी काटोलच्या मावसभावाला फोन लावला. त्याची स्वतःची संत्र्याची झाडे आहेत. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, "मृगाची बाग म्हणतोस ना? मग मे महिन्यात त्या बगिच्याले पाणी कोण देते बे? बाग ताणावर असते तवा." संत्र्याला वर्षात दोन मुख्य बहार येतात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास हाती येते. मृगाची फुले जून-जुलैत येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृग बहार धरायचा असेल तर त्याआधी, उन्हाळ्यात, पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि पावसाचे पाणी मिळाले की झाड फुलावर येते. ताणावरच्या बागेला मधेच ओलीत केले तर बहार बिघडतो. कथेच्या तिसऱ्या पानावर वकीलसाहेब स्पष्ट म्हणतात की सगळी आठशे झाडे यंदा मृगासाठी सोडली आहेत. म्हणजे दिवाणजी खोटे बोलत होते! त्या रात्री मी वहीत 'गुन्हेगार: दिवाणजी, पाणी दिल्याची हकीकत खोटी' असे लिहिले आणि समाधानाने झोपलो.

सकाळी ते समाधान टिकले नाही, कारण उजवीकडच्या बाजूला दोन नोंदी अशा होत्या की त्या या उत्तरात बसत नव्हत्या. राखणदारानेही मोटरचा आवाज ऐकला होता. शिवाय वकीलसाहेबांच्या पलंगाखालच्या वहाणांच्या तळांना काळ्या मातीची पपडी चिकटलेली होती. इन्स्पेक्टर ती पाहतात, आणि कूलरचे पाणी सांडले असेल असे हवालदार म्हणतो. मी मागे जाऊन दुसरे पान पुन्हा वाचले. कोठीच्या अंगणात मुरूम टाकलेला आहे, असे लेखकाने तेथे सहज सांगून ठेवले आहे. कूलरचे पाणी अंगणात कितीही सांडले तरी वहाणेला मुरुमाची लाल खर लागेल. काळ्या मातीचा चिखल त्या कोरड्या मे महिन्यात फक्त झाडांच्या आळ्यांत असू शकतो, आणि तोही कोणी पाणी दिले असेल तरच. म्हणजे पाणी खरोखरच दिले गेले होते. दिवाणजी खरे बोलले होते. बाविसाव्या पानावरची ती तुटलेली ओळ मला तेव्हा प्रथमच नीट ऐकू आली.

मे महिन्यात पाणी कोणत्या झाडांना हवे असते, हा प्रश्न मी तोपर्यंत विचारलाच नव्हता. त्याचे उत्तर मावसभावाच्या बोलण्यातच होते: आंबिया धरलेल्या झाडांना. त्यांच्यावर मे महिन्यात सुपारीएवढी हिरवी फळे असतात आणि उन्हाच्या कडाक्यात पाण्याची पाळी चुकली की ती गळून पडतात. मालकाच्या वहीत सगळी आठशे झाडे मृगाला सोडलेली, आणि प्रत्यक्षात मागच्या बाजूची काही झाडे गुपचूप आंबियाला धरलेली. त्या फळाचे पैसे नोव्हेंबरात दिवाणजींच्या खिशात जाणार आणि मालकाला मात्र 'पाऊस नीट पडला नाही, मागच्या झाडांवर मृग फुटलाच नाही' असे सांगितले जाणार. पाचव्या पानावर वकीलसाहेब एप्रिलचे विजेचे बिल हातात धरून कपाळाला आठी घालतात, आणि त्याच परिच्छेदात तीन वर्षांपासून मृगाचे उत्पन्न घटत चालल्याचे म्हणतात. हे वाक्य मी दोनदा वाचून सोडून दिले होते. ताणाच्या महिन्यात विहिरीवरच्या मोटरचे बिल कमी यायला हवे, ते आले नाही, हे एका हिशेबी म्हाताऱ्याच्या लक्षात आले होते आणि आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माझ्या मात्र नजरेतून निसटले, याची खंत मला आजही वाटते.

त्यानंतर सगळे आपोआप जागेवर बसत गेले. उन्हाळ्यात महालातल्या वाड्याबाहेर पाऊलही न टाकणारा माणूस न कळवता बगिच्यात आला, कारण त्याला मागची झाडे रात्री स्वतः पाहायची होती. पाण्याची पाळी आणखी लांबवली तर फळ गळेल म्हणून दिवाणजींना त्याच रात्री मोटर लावणे भाग होते, आणि कूलरच्या घरघरीत म्हाताऱ्याला जाग येणार नाही असे त्यांनी धरले. म्हातारा जागाच होता. तो बॅटरी घेऊन मागच्या बाजूला गेला, आळ्यांमधल्या ओल्या मातीत उभा राहिला, फांद्यांवरची हिरवी फळे त्याने पाहिली, आणि तेथेच दिवाणजींनी त्याला गाठले. प्रेत उचलून पलंगावर आणले, वहाणा काढून खाली ठेवल्या. कूलर चालूच होता. राखणदाराने मोटर ऐकली असणार हे माहीत असल्याने तिचा उल्लेख टाळता येत नव्हता, म्हणून दिवाणजींनी तो आधीच आणि साळसूदपणे केला. ताण म्हणजे काय हे शहरातून आलेल्या इन्स्पेक्टरना कळणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा.

एक वकील मित्र संध्याकाळी फिरायला भेटतात, त्यांना मी हे सगळे ऐकवले. त्यांनी एकच कसोटी सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवून दिले आहे की केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरवायचे असेल तर पुराव्याची साखळी पूर्ण हवी, आणि आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही तर्क त्या पुराव्याशी सुसंगत राहता कामा नये. "तुमचा राखणदार पाणी देत नव्हता कशावरून?" असे त्यांनी विचारले. मी वही उघडून दाखवले की विहिरीवरच्या खोलीची किल्ली दिवाणजींच्या कडदोऱ्याला असल्याचे स्वयंपाकीण सांगते आणि राखणदाराला ती रोज मागावी लागते. त्यांनी मान हलवली, पण पुढे विचारले की मालकाला मुळात संशय घ्यायला कोणी लावले. त्याचे उत्तर माझ्याकडे होते: निनावी पोस्टकार्ड, जे वकीलसाहेबांच्या कोटाच्या खिशात सापडते आणि ज्यावरचे अक्षर 'शाळकरी मुलासारखे' आहे. ते व्यापाऱ्याने अक्षर बदलून लिहिले असावे, असे मी ठरवून टाकले होते, कारण सौद्यात फसवले गेल्याचे त्याला कळले असणे शक्य होते.

मग मी माझे उत्तर चार पानांत लिहून पाकिटात बंद केले आणि शहरातल्या एका जुन्या वाचनालयात त्या अंकाची चौकशी केली. ग्रंथपालबाईंनी दोन दिवसांनी यायला सांगितले आणि खरोखरच बांधीव गठ्ठ्यातून तो अंक काढून दिला. मी तेथेच, पंख्याखालच्या लांब टेबलावर, ती चार पाने वाचली. दिवाणजी, मागची तीनशे झाडे, आंबियाचे फळ, ओली माती, कूलर, हे सगळे होते, आणि इन्स्पेक्टरांचे ते वाक्य दिवाणजींनाच उद्देशून होते: "त्या रात्रीबद्दल तुम्ही खरे तेच सांगितलेत, आणि म्हणूनच मला पाणी कुठे गेले ते शोधावे लागले."

पोस्टकार्ड मात्र व्यापाऱ्याचे नव्हते. ते राखणदाराने पाठवले होते. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून त्याने चौथीत शिकणाऱ्या आपल्या नातवाकडून ते लिहून घेतले होते, आणि मालक त्या कार्डामुळे आला व मारला गेला म्हणून शेवटपर्यंत तो गप्प राहिला होता. घरी येऊन मी वहीतले राखणदाराचे पान उघडले. त्यावर डावीकडे 'मोटर ऐकली' आणि उजवीकडे 'निरक्षर' एवढ्या दोनच नोंदी होत्या, आणि खाली पहिल्या आठवड्यातच मी पान मिटल्याची रेघ ओढलेली होती.